लढाई संपेपर्यंत

घंटेचे तीन ठोके पडले, जरा थांबून एक, आणि उत्तर द्यायला सिरिल नेलरचा हात उठला, तेव्हा हेटी सग्डनने तो हात धरला. मनगटाच्या वर, चांगला दाबून. मागच्या सिग्नल केबिनमधला माणूस विचारत होता, पॅसेंजर पाठवू का. तेच ठोके त्याला परत वाजवून दाखवले की पाठव असा अर्थ होतो, आणि नेलर ते वाजवायलाच निघाला होता, सहज, घरी दाराची कडी काढावी तसा. आणि तिकडे पुलापलीकडे, गॅस कारखान्याच्या धुरात, केबिनमधून दिसत नाही अशा जागी कोळशाची मालगाडी त्याच रुळावर उभी होती. "मालगाडी," हेटी म्हणाली. एवढंच. नेलरने आधी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग पुलाकडे. मग त्याने खिळ्यावरचं लोखंडी कडं काढलं आणि सिग्नलच्या लिव्हरवर चढवलं. रुळावर गाडी उभी असली की हे कडं चढवायचं, म्हणजे विसरून कुणी लिव्हर ओढायला गेलं तरी हात अडतो. ते चार मिनिटांपूर्वीच चढायला हवं होतं. पॅसेंजर मागच्या स्टेशनात थांबली, मालगाडी पुढे निघून गेली, मग पॅसेंजर आली, आणि केबिनखालून जाताना एका खिडकीत एक बाई लहान मुलीच्या डोक्यावरची टोपी नीट करताना हेटीला दिसली. म्हणजे झालं काहीच नाही. झालं असतं तर ते कुणाला तरी सांगता आलं असतं. न झालेल्या गोष्टीचं माणसाने करायचं काय, हे तिला कळेना.

तो बुधवार होता. शुक्रवारी ऑल्डरसन इन्स्पेक्टर येणार, नेलरची परीक्षा घेणार, आणि तो पास झाला की केबिन त्याची. मुळात ती त्याचीच. लीड्स शहराच्या या काजळलेल्या कोपऱ्यातली ही लाकडी माडी, तिच्यातल्या लिव्हर, शेगडी, भिंतीवरचं घड्याळ आणि उंच टेबलावरची नोंदवही, हे सगळं एकोणचाळीस सालापर्यंत त्याचं होतं. गडी हौसेने राखीव फौजेत नाव घालून बसला होता, त्यामुळे लढाई सुरू झाली तसा पहिल्याच फटक्यात गेला, पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये पकडला गेला, आणि पोलंडातल्या कुठल्याशा खाणीवर पाच वर्षं दगड फोडत राहिला. आता परत आला होता. परत आलेल्याला त्याची जागा द्यायची असा कायदाच होता, आणि कायदा नसता तरी नाही कोण म्हणणार होतं? हेटीच्या नेमणुकीच्या कागदावर तर स्वच्छ लिहिलेलं होतं, लढाई संपेपर्यंत. एक्केचाळीस साली सही करताना ते शब्द तिच्या नजरेखालून नुसते सरकून गेले होते, कारण तेव्हा लढाई संपेल असं कुणाला वाटत होतं? ती संपून आता दोन महिने झाले होते. सगळ्या गल्लीबरोबर हेटीही नाचली होती, तिला आनंद झाला होता, शपथेवर झाला होता. फक्त त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी टोचत होतं आणि त्याची तिला भयंकर लाज वाटत होती. लढाईत दारूगोळ्याच्या डेपोसाठी दोन नवे फाटे निघाले होते, सहा नव्या लिव्हर वाढून बेचाळीस झाल्या होत्या, म्हणून नेलरला नव्याने शिकावं लागत होतं. शिकवणार कोण, तर हेटी. तोवर केबिनचा ताबा तिच्याकडे. गेल्या शनिवारी नेलरला तिच्या हवाली करून जाताना ऑल्डरसनसाहेब जिन्यात थांबून हळूच म्हणाले होते, "पाच वर्षं कैदेत काढलेला माणूस आहे, बाई. बघा त्याला जमतंय का. नाही जमलं तर मी वर शब्द टाकून ठेवलाय, केबिन तुमच्याकडेच राहील. कायमची." कायमची हा शब्द त्यांनी टोपी घालता घालता उच्चारला होता, आणि हेटीने तेव्हापासून तो मनातून खाली ठेवलेला नव्हता.

केबिनमध्ये येण्याआधी सोळा वर्षं ती कोटांना काजं करत होती. शिवणकामाच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, इस्त्रीच्या वाफेत, एकशेचाळीस बायकांच्या रांगेत. डाव्या बाजूची काजं तिची, उजव्या बाजूची बटणं कुणा दुसरीची. पूर्ण कोट तिने सोळा वर्षांत केला नव्हता. मुकादमीण मिस लम रांगांमधून फिरायची, आणि लघवीला जायचं तर तिच्याकडून पितळी बिल्ला मागून घ्यावा लागायचा. मग पुरुष कमी पडायला लागले. रोजगार कचेरीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, दारूगोळा, ट्राम की रेल्वे, आणि हेटी म्हणाली रेल्वे, कशामुळे ते तिलाही ठाऊक नव्हतं. सहा आठवड्यांचं शिक्षण झाल्यावर याच ऑल्डरसनसाहेबांनी तिला एकतीस नंबरच्या लिव्हरपाशी उभं केलं. सगळ्यात लांबच्या सिग्नलची ती लिव्हर, हजार यार्ड तार ओढायची. खाली रुळावरचे गँगमन काम सोडून वर बघत उभे. "काय मग पोरी, आज येतोय का सिग्नल, की आम्ही जेवून येऊ?" तीन दिवस ती त्या लिव्हरला नुसती लोंबकळली, तळव्यांची सालं निघाली. चौथ्या दिवशी तिला उमगलं की ताकद दंडात नसतेच, पाय चौकटीला रोवून सगळी पाठ मागे टाकायची असते. तारेचा करकर आवाज लांबवर पळत गेला आणि सिग्नल पडला. गँगमन जेवायला गेले. केबिनला बायकांसाठी संडास नव्हता. दोन गाड्यांच्या मधल्या नऊ मिनिटांत रुळाकडेने स्टेशनात जाऊन यायचं. तीही तिला चैनच वाटली, कारण बिल्ला कुणाकडे मागायचा नव्हता. घंटा वाजायची, ती उत्तर द्यायची, आणि चारशे माणसं घेऊन एक गाडी तिच्या शब्दावर पुढे सरकायची. असलं काही आपल्या वाट्याला येईल असं तिच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा नोंदवहीत वेळ दोन मिनिटांनी चुकली म्हणून तिला सगळ्यांदेखत झाडलं होतं. त्यानंतर एकही वेळ चुकली नाही. रिकाम्या वेळीही तिची नजर लिव्हरच्या रांगेवरून, घड्याळावरून, खिळ्यावरून आपोआप फिरायची. कुठलं कडं खिळ्यावर आहे आणि कुठलं लिव्हरवर, हे तिला न बघतासुद्धा कळायचं.

आणि गोची नेमकी तिथेच होती. बुधवारच्या त्या चार मिनिटांतही तिला ते कळलेलं होतं.

त्या दिवशी मालगाडी पुढे थांबून राहिली तसा तिचा फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा, नियमाप्रमाणे चालत केबिनमध्ये आला. गाडी उभी असेपर्यंत गाडीवरच्या एकाने येऊन सांगायचं, आम्ही इथे आहोत, विसरू नका, आणि वहीत सही करायची. हा फायरमन पन्नाशीचा, गप्पिष्ट. "अरे, नेलर! मेलास असं ऐकलं होतं मी," म्हणाला. "अर्धाच मेलो," नेलर म्हणाला. फायरमनने सही केली, खिशातून चरबी लावलेला पाव काढला, अर्धा मोडून नेलरला दिला, आणि पोलंडातल्या थंडीबद्दल, त्यांच्या ओळखीच्या एका परत न आलेल्या माणसाबद्दल काहीबाही विचारून निघून गेला. कडं त्याच वेळी चढायला हवं होतं. नेलर पाव खात उभा राहिला. संपल्यावर त्याने वहीच्या पानावर पडलेले कण बघितले, आणि बोटाचं टोक जिभेला लावून एकेक कण उचलायला लागला. घाई न करता, एकही न सोडता. वहीवरचे झाले, मग टेबलावरचे, मग बाहीवरचे. हेटी शेगडीपाशी उभी होती. खिळ्यावरचं कडं तिला दिसत होतं. मोकळी लिव्हर दिसत होती. "मिस्टर नेलर, कडं," एवढे तीन शब्द तिच्या जिभेवर तयार होते. ते तिने उच्चारले नाहीत. आता आठवेल त्याला, असं तिने मनाशी म्हटलं. शिकायचं तर स्वतःच आठवायला हवं, असंही म्हटलं. पण त्याच्या खाली आणखी एक वाक्य होतं, आणि ते वाक्य होतं, चुकू दे. अगदी स्पष्ट, तिच्याच आवाजात. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. ती त्याच्या बोटाकडे बघत होती, आनंदाने की भीतीने ते सांगता येत नव्हतं. मग घंटा वाजली.

दोन वाजता पाळी संपली. ट्राममध्ये तिकीट देणारी बाई पन्नाशीची होती, कालपर्यंत तिथे एक तरतरीत मुलगी असायची. "ती कुठे गेली?" हेटीने विचारलं. "घरी," बाई म्हणाली, "मी पुढच्या आठवड्यात." आणि टराटरा तिकिटं फाडत पुढे गेली. हेटी काचेबाहेर बघत राहिली. तिने हात धरला होता हे खरं. वेळेवर धरला होता. तो धरण्यासाठी ती तयारच उभी होती, म्हणजे धोका असा नव्हताच, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. पण समजा तेवढ्यात शेगडीतला निखारा बाहेर पडला असता. समजा तिला शिंक आली असती. ती टोपीवाली मुलगी पाच-सहा वर्षांची असेल. हेटीने तळवा उघडून बघितला. तिथे नेलरच्या मनगटाची हाडं अजून लागत होती, इतका तो वाळलेला होता. तिला वाटलं, या बाईपुढे उभं राहून सगळं बोलून टाकावं. मग तिचा थांबा आला आणि ती उतरली.

घरी आईने कांदा घालून वजडी शिजवली होती. म्हातारी ताटावर बोलायला लागली की थांबत नसे. "मिस लम भेटल्या होत्या. सुटलेल्या शिपायांना सरकार कोट देतंय ना, काम बख्खळ आलंय म्हणतात. तुझी खुर्ची ठेवलीय."

"हो का."

"हो का काय? त्या बिचाऱ्या नेलरला त्याची जागा मिळू दे की. त्याला बायको आहे, दोन पोरं आहेत. तुझं काय, एक तोंड. आणि खांदे बघितलेस का आरशात? बाप्यासारखे झालेत. कोटात मावत नाहीस तू."

"मग मोठा कोट शिवेन."

"कुणासाठी एवढं नटायचंय?" आई म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली. मग लेकीचं तोंड बघून थांबली. "काय झालं गं हेटी? कुणी काही बोललं का?"

"नाही. काही झालं नाही," हेटी म्हणाली, आणि हे तिचं दिवसभरातलं सगळ्यात खरं वाक्य होतं.

गुरुवारी नेलर प्रत्येक गोष्ट तोंडाने म्हणून करत होता. "गाडी आली. कडं चढवलं. गाडी गेली. कडं काढलं." प्रार्थना म्हणावी तसा एकसुरी. त्याच्या हातात जुनी सफाई होती. लिव्हरला घाम लागू नये म्हणून फडक्यातून धरायची, ती तो दोन बोटांनी अशी धरायचा की बघत राहावं. हेटीला चार वर्षांत जे जमलं नव्हतं ते त्याला येताजाता जमत होतं. आणि मधेच, कुठल्याही कारणाशिवाय, तो थांबायचा. डोळे उघडे, हात हवेत. पाच सेकंद, कधी दहा. मग परत यायचा. ती हे थांबणं मोजत होती. सकाळपासून चार वेळा झालं होतं. हे सांगायलाच हवं, ती मनात म्हणाली, चारशे माणसांचा प्रश्न आहे, यात माझं काय? आणि लगेच ऑल्डरसनसाहेबांचा जिन्यातला शब्द तिच्या कानात आला. खरं बोलावं तरी ते आपल्या फायद्याचं, गप्प बसावं तरी धोका दुसऱ्यांना. शिवाय वही होतीच. फायरमनची सही अकरा वाजून सात मिनिटांची आणि मागच्या केबिनची घंटा अकरा वाजून अकराची. दोन्ही वेळांची नोंद तिच्याच अक्षरात होती. ज्याला वजाबाकी येते तो विचारणार, तुम्ही काय करत होतात?

जेवणाच्या वेळी नेलरने कागदात बांधलेले दोन कांदे तिच्यापुढे ठेवले. "बायकोने दिलेत. मळ्यातले." तिने घेतले. न घेणं हे काहीतरी बोलण्यासारखंच झालं असतं. तो उभ्यानेच खात होता, भिंतीला पाठ लावून. "बाई," तो म्हणाला, "उद्या साहेबांना सांगणार तुम्ही?"

"अजून ठरवलं नाही."

त्याने मान हलवली. "बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही एवढ्यात ठरवलं नसतं." थोड्या वेळाने म्हणाला, "तिकडे मी रोज ही केबिन चालवायचो. दगड फोडता फोडता. सकाळची पाळी सगळी, एकेक गाडी. त्यामुळे डोकं शाबूत राहिलं. फक्त त्यात एकही मालगाडी कधी थांबत नव्हती, बघा. सगळ्या गाड्यांना वाट मोकळी." तो हसला. हेटीला हसता आलं नाही. तिला वाटलं, या माणसाचा आपल्याला राग यावा, म्हणजे सगळं सोपं होईल. तो येत नव्हता. कीव येत होती, आणि केबिन सोडवत नव्हती, आणि दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

शुक्रवारी नऊ वाजता ऑल्डरसनसाहेब आले. बूट दाराशी काढून मोज्यांनी आत आले, कारण जमिनीवरचं लिनोलियम चकचकीत ठेवायचं हा केबिनचा रिवाज, इन्स्पेक्टरलाही माफी नाही. चहा घेतला. तासभर नेलरला उलटसुलट विचारलं. धुकं पडलं तर? तार तुटली तर? डब्याचं दार उघडं दिसलं तर? नेलर घडाघडा सांगत गेला, नियमांच्या आकड्यांसकट. हेटी लिव्हर ओढत होती, घंटा वाजवत होती, आणि कान मागे. एकही उत्तर चुकत नव्हतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "शाब्बास. आता एवढंच, की..."

"साहेब, मी बुधवारी कडं विसरलो," नेलर म्हणाला.

हेटीच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"फायरमन येऊन गेला, मी कडं चढवलं नाही. पॅसेंजरला हो म्हणायला निघालो होतो. मिस सग्डननी माझा हात धरला म्हणून. त्या नसत्या तर आज आपण इथे चहा पीत बसलो नसतो. त्या सांगणार नव्हत्या, असं मला वाटतं. मग मीच सांगतो."

साहेबांनी चष्मा परत लावला. मग उठले, वहीपाशी गेले, बुधवारचं पान काढलं. "तुझा प्रामाणिकपणा मला आवडला, सिरिल," ते म्हणाले. "पण आज तुला पास करता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. तुला स्टेशनावर सोपं काहीतरी बघू. केबिन मिस सग्डनकडेच राहू दे." नेलरने मान खाली घातली. त्याच्या तोंडावर दुःख होतं आणि सुटका पण होती. हेटीने ती सुटका पाहिली. म्हणजे झालं. तिने काही न बोलता, बोट न उचलता झालं. खिडकीबाहेर एक इंजिन उगाच वाफ सोडत उभं होतं.

साहेबांचं बोट पानावर फिरत होतं. "सही अकरा सात. घंटा अकरा अकरा," ते पुटपुटले. "चार मिनिटं." मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मायेनेच. "कडं नाही हे तुमच्याही लक्षात आलं नसणार. आल्याबरोबर तुम्ही हात धरलात. असंच ना? असू दे. बाईमाणसाचं लक्ष, एखादवेळी उडतं. ते आम्ही धरूनच चालतो. मला रिपोर्टात काहीतरी लिहायला लागेल, म्हणून विचारतो. तुम्ही पाहिलं नव्हतं, असं लिहू?"

हो म्हणायचं. एक अक्षर. हो म्हटलं की ही खिडकी, हे घड्याळ, या बेचाळीस लिव्हर आणि त्यांच्यावर चालणाऱ्या सगळ्या गाड्या म्हातारपणापर्यंत तिच्या. नेलर तिच्याकडे बघत होता, कृतज्ञ, निर्धास्त, आपलं सगळं सांगून मोकळा झालेला. तिला त्याचा आता राग आला, चांगला सणसणून, आणि साहेबांच्या मायेचा त्याहून जास्त. ते धरूनच चालतात. चार वर्षं तिने एकही कडं, एकही गाडी, एकही मिनिट नजरेतून सुटू दिलं नव्हतं, आणि हे चार वर्षं धरून चालले होते की तिचं लक्ष उडतं. आणि त्या रागाच्या आत ती मुलगी होती, खिडकीतली, टोपी नीट करून घेणारी.

"पाहिलं होतं," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"फायरमन जिना उतरला तेव्हाच पाहिलं. कडं खिळ्यावर आहे, लिव्हर मोकळी आहे. या केबिनमध्ये मी न पाहिलेलं काही नसतं, साहेब. मी बोलले नाही. मिस्टर नेलर चुकले तर केबिन माझ्याकडे राहील, म्हणून बोलले नाही."

नेलरचं तोंड उघडं राहिलं. साहेबांनी पेन उचललं होतं ते कागदापासून वर धरलं. त्यांचे कान लाल झाले होते. "मिस सग्डन," ते अगदी हळू म्हणाले, "मी अजून काही लिहिलेलं नाही. हे एकदा कागदावर गेलं की रेल्वेत तुम्हाला कुणी झाडूसुद्धा हातात देणार नाही. विचार करा."

"लिहा," हेटी म्हणाली. साहेब हलले नाहीत, तेव्हा तिने वही त्यांच्यापुढे सरकवली. "वेळेसकट लिहा. अकरा सात ते अकरा अकरा."